हंसाची पिल्ले घरी वाढवताना: पहिल्या दिवसापासून आठव्या आठवड्यापर्यंत

ज्यांच्या घरी आधीपासून कोंबड्या आहेत, त्यांना हंसाची पिल्ले आणताना हे काम आपल्या हातचेच वाटते. एक खोके, त्यात बल्ब, मक्याचा भरडा आणि पाण्याचे भांडे एवढी तयारी केली की पिल्ले आपोआप मोठी होतील, असा त्यांचा समज असतो. माझ्या पाहण्यात जी पिल्ले दगावली किंवा कायमची पांगळी झाली, त्यांतील बहुतेक याच समजापायी. हंस हा मुळात चरणारा पक्षी आहे. त्याच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा ऊब कमी दिवस लागते, पाणी कितीतरी जास्त लागते, हिरवे गवत अगदी पहिल्या आठवड्यापासून लागते आणि सोबत नसेल तर ते खाणेपिणे सोडून नुसते ओरडत राहते. पुढची सगळी माहिती या चार गोष्टींभोवतीच फिरते.

आपल्याकडे बाजारात राजहंस म्हणून जे पांढरे किंवा करडे पक्षी मिळतात, ते बहुधा चिनी जातीचे किंवा तिच्या संकराचे असतात. चोचीच्या मुळाशी, कपाळावर येणाऱ्या गाठीवरून ती जात ओळखू येते. या जातीचा पूर्ण वाढलेला नर साधारण साडेपाच किलोपर्यंत आणि मादी साडेचार किलोपर्यंत भरते. युरोपातील जाती मात्र कलहंसापासून आलेल्या आहेत आणि त्या अंगाने अधिक भारी असतात. हिवाळ्यात उजनी आणि जायकवाडीच्या जलाशयांवर उतरणारे पट्टकदंब हे हंसकुळातलेच असले, तरी ते रानपक्षी आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते किंवा कोणतेही रानहंस पकडणे व पाळणे हा गुन्हा आहे, म्हणून पिल्ले घ्यायची ती पाळीव हंसांचीच घ्यावीत. आणखी एक गोष्ट पैसे मोजण्यापूर्वी मनाशी पक्की करावी: नीट सांभाळलेला हंस वीस वर्षेसुद्धा जगतो, त्याचा आवाज शेजारच्या चार घरांना ऐकू जातो आणि त्याला चरायला मोकळी जागा लागते. सदनिकेच्या गच्चीवर हंस वाढवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिल्ले येण्याच्या आधीची तयारी

पिल्ले घरी येण्याच्या किमान एक दिवस आधी त्यांची पेटी तयार असावी आणि तिच्यातली ऊब रात्रभर चालू ठेवून तपासलेली असावी. चार ते सहा पिल्लांसाठी पहिल्या आठवड्यात फ्रीजच्या पुठ्ठ्याचे मोठे खोके किंवा दोन फूट रुंद व चार फूट लांब लाकडी पेटी पुरते. मात्र हंसाच्या पिल्लाचे वजन पहिल्याच आठवड्यात दुपटीच्या वर जाते, त्यामुळे आठवडाभरात जागा दुप्पट करावी लागेल हे धरूनच जागा निवडावी. पुठ्ठ्याचे खोके चार दिवसांत ओले होऊन बसते, कारण ही पिल्ले पाणी पिण्यापेक्षा सांडतात जास्त. लाकडी फळ्यांचा गोल किंवा चौकोनी घेर करून त्याला खाली सिमेंटची किंवा फरशीची जमीन असेल, तर साफसफाई सोपी जाते.

खाली काय अंथरावे यावर पायांचे भवितव्य ठरते. माझ्या पहिल्या खेपेस मी कोंबड्यांच्या सवयीने वर्तमानपत्राचे थर घातले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पाच पिल्लांपैकी एकाचे दोन्ही पाय बाजूला फाकलेले दिसले आणि ते पोटावर सरकत पाण्याकडे जाऊ पाहत होते. गुळगुळीत कागदावर, प्लॅस्टिकवर किंवा नुसत्या फरशीवर नवजात पिल्लाच्या पायाला पकड मिळत नाही आणि मांडीचे कोवळे स्नायू व सांधे बाहेरच्या बाजूला ताणले जातात. म्हणून पहिले तीन-चार दिवस जुना जाड टॉवेल अंथरावा, त्याचे लोंबणारे धागे आधी कापून टाकावेत, कारण धागा पायाला गुंडाळला की बोट काळे पडते. पिल्लांना खाद्य कोणते हे नीट कळू लागले की टॉवेल काढून भाताच्या तुसाची किंवा लाकडाच्या जाड भुशाची तीन-चार इंच गादी करावी. अगदी बारीक भुसा नको. तो डोळ्यांत व श्वासात जातो आणि सुरुवातीला पिल्ले तो खाद्य समजून गिळतात.

तुसाला किंवा पेंढ्याला बुरशीचा वास येत असेल, तर तो कितीही स्वस्त मिळाला तरी वापरू नये. ओल्या, बुरसलेल्या अंथरुणातील बुरशी श्वासावाटे फुप्फुसात जाते आणि पिल्ले मान लांबवून, चोच उघडी ठेवून धापा टाकू लागतात. त्या आजारावर घरी करण्यासारखे काही उरत नाही. पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली गादी म्हणूनच रोज काढावी, आणि पावसाळ्यात दिवसातून दोनदा.

ऊब

पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर त्याच्या अंगावर लव असते, पिसे नसतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 30 ते 32 अंश सेल्सिअस तापमान असावे. पुढे दर आठवड्याला ते साधारण तीन अंशांनी उतरवत न्यावे आणि 21 अंशांवर आले की कृत्रिम उबेची गरज संपते. आपल्या हवामानात याचा प्रत्यक्ष अर्थ वेगवेगळा निघतो. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात किंवा मराठवाड्यात दुपारी बल्ब लावणे म्हणजे पिल्ले भाजून काढणे होय. तिथे दिवसा सावली आणि वारा लागतो आणि ऊब फक्त पहाटे लागली तर लागते. उलट डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावर किंवा नाशिककडे रात्री तापमान दहाच्या खाली उतरते, तिथे चौथ्या आठवड्यापर्यंत रात्रीचा बल्ब ठेवावा लागतो. कोकणात पावसाळ्यात थंडी फारशी नसली तरी हवेतील ओल लवेत मुरते, म्हणून ऊब ही कोरडे राखण्यासाठी लागते.

ऊब देण्यासाठी जुन्या पद्धतीचा, तारेचा पिवळा बल्ब वापरावा. हल्लीचे एलईडी दिवे प्रकाश देतात, पण त्यांच्यापासून उपयोगी पडेल एवढी उष्णता मिळत नाही. चार-सहा पिल्लांना साठ ते शंभर वॉटचा एक बल्ब पुरतो. तो चिनी मातीच्या होल्डरमध्ये बसवावा, कारण प्लॅस्टिकचा होल्डर तासन्‌तासच्या उष्णतेने मऊ पडतो. बल्ब जमिनीपासून दीड फुटावर, साखळीने किंवा जाड तारेने टांगावा. नुसत्या वायरीवर लोंबकळत ठेवू नये. पाण्याचे शिंतोडे गरम काचेवर उडाले की बल्ब फुटतो, म्हणून पाण्याचे भांडे नेहमी पेटीच्या दुसऱ्या टोकाला असावे. बाजारातील काही उष्णता देणाऱ्या दिव्यांना न फुटण्यासाठी टेफ्लॉनचा थर दिलेला असतो. तापल्यावर त्यातून निघणारा धूर पक्ष्यांना मारक ठरतो, त्यामुळे असा दिवा घेऊ नये. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवणे तर माणसांनाही घातक आहे.

बल्ब पेटीच्या मधोमध न टांगता एका बाजूला टांगावा, म्हणजे पिल्लाला उबेत जायचे की उबेपासून दूर राहायचे हे स्वतः ठरवता येते. तापमापक ठेवावा, पण निर्णय पिल्लांकडे पाहून घ्यावा. सगळी पिल्ले बल्बखाली एकमेकांवर चढून ढीग करत असतील आणि तीक्ष्ण, उंच आवाजात चिरकत असतील, तर त्यांना थंडी वाजते आहे. ती कडेला सरकून, चोच उघडी ठेवून, पंखांचे कोंब अंगापासून दूर धरून बसली असतील, तर उष्णता जास्त झाली आहे. बल्बच्या भोवती सैलसर पसरून, अधूनमधून हलकी थरथरती शीळ घालत ती झोपली असतील, तर सगळे ठीक आहे. ही शीळ एकदा कानात बसली की अंधारातसुद्धा पिल्लांची खुशाली कळते. हंसाचे पिल्लू गाढ झोपले की मान पुढे जमिनीवर सपाट टाकते आणि पाय मागे ताणते. नवख्या माणसाला ते मेल्यासारखेच दिसते, तेव्हा घाबरून त्याला हलवण्याआधी पोटाची हालचाल पाहावी.

वीज जाणे ही आपल्याकडची खरी अडचण आहे, आणि ती नेमकी रात्री येते. त्यासाठी दोन-तीन जाड बाटल्यांत गरम पाणी भरून, त्या जुन्या कापडात किंवा पायमोज्यात गुंडाळून पेटीत ठेवाव्यात आणि पेटीचा अर्धा भाग गोणपाटाने झाकावा. पूर्ण झाकू नये, हवा खेळती राहिली पाहिजे. पाणी दोन-अडीच तासांनी बदलावे लागते. हे सामान पेटीशेजारी आधीच मांडून ठेवलेले असले तर रात्री धावपळ होत नाही.

पहिला घोट

अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या पोटात पिवळ्या बलकाचा काही भाग शिल्लक असतो आणि त्यावर ते दोन दिवस तरी खाण्यावाचून राहू शकते; म्हणूनच एक दिवसाची पिल्ले दूरवर पाठवता येतात. पण प्रवासाहून आलेले पिल्लू तहानलेले असते. पेटीत सोडताना प्रत्येकाची चोच हलकेच पाण्यात बुडवावी. पाणी कोमट असावे. प्रवासाने थकलेल्या पिल्लांसाठी पहिल्या काही तासांपुरती त्यात चिमूटभर साखर किंवा गूळ विरघळवला तरी चालतो. खूप वेळ पाण्यावाचून राहिलेल्या पिल्लांपुढे एकदम भांडेभर गार पाणी ठेवू नये. ती आधाशासारखी पितात आणि मग लटपटून पडतात. थोडे थोडे, पाच-दहा मिनिटांच्या अंतराने द्यावे.

कोंबडीचे पिल्लू चोचीने थेंब टिपते. हंसाचे पिल्लू चोच पूर्ण बुडवते, नाकपुड्यांतून पाणी फेकते, डोळे धुते आणि मग मान वर करून घोट घेते. त्यामुळे कोंबड्यांचे उथळ भांडे त्याला अपुरे पडते. नाकपुड्या व डोळे धुता आले नाहीत तर त्यांच्यावर खाद्याची खपली धरते आणि डोळे चिकटतात. चोच डोळ्यांपर्यंत बुडेल इतके खोल, पण अंग आत जाणार नाही इतके अरुंद भांडे हवे. मी प्लॅस्टिकच्या डब्याच्या बाजूंना पिल्लाचे डोके जाईल एवढी भोके पाडतो आणि झाकण लावून वर दगड ठेवतो. डबा एका पसरट ताटात ठेवून ताटावर जाळी टाकली, तर सांडलेले पाणी ताटात साचते आणि गादी कोरडी राहते.

खाद्य जवळ आहे आणि पाणी संपले आहे, अशी वेळ कधीही येऊ देऊ नये. कोरडा भरडा घशात चिकटून पिल्लू गुदमरते. रात्री पाणी काढायचे असेल तर खाद्यही काढावे.

पाण्यात सोडण्याची घाई

पाण्यात पोहणारे हंसाचे पिल्लू पाहण्याची सर्वांनाच हौस असते, मुलांना तर फारच. आईबरोबरची पिल्ले दुसऱ्या दिवशीच पाण्यात उतरतात हे खरे आहे. परंतु त्यांच्या लवेला आईच्या पोटाखाली बसताना तिच्या पिसांवरचे तेल लागलेले असते, आणि बाहेर आल्यावर ती पुन्हा आईच्याच पंखाखाली सुकतात. पेटीतल्या पिल्लाची स्वतःची तेलग्रंथी अजून नीट चालू झालेली नसते. त्याची लव पाणी शोषते, ते जड होते, गारठते आणि काठावर चढता आले नाही तर बुडतेसुद्धा. पहिला आठवडा उलटल्यावर, ऊन असताना, पसरट परातीत दोन-तीन इंच कोमट पाणी घालून पाच मिनिटे सोडावे, तेही डोळ्यांसमोर. बाहेर यायला खरबरीत फळीचा किंवा विटेचा उतार असावा. नंतर टॉवेलने टिपून बल्बखाली पूर्ण सुकू द्यावे. खऱ्या तळ्यात किंवा हौदात मोकळे सोडणे पाच-सहा आठवड्यांनी, छातीवर व पोटावर खरी पिसे आल्यावरच करावे.

खाद्य आणि हिरवा चारा

पहिले चार आठवडे खाद्यात प्रथिने सुमारे 20 टक्के असावीत आणि त्यानंतर ती 15 टक्क्यांच्या आसपास आणावीत. हंसाचे वेगळे खाद्य आपल्याकडच्या दुकानांत सहसा मिळत नाही, म्हणून कोंबडीच्या पिल्लांचे स्टार्टर खाद्य वापरावे लागते. ते घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली अशी की, पोत्यावरच्या चिठ्ठीवर रक्ती हगवणीचे औषध मिसळल्याचा उल्लेख असेल तर ते खाद्य टाळावे. हंसाचे पिल्लू त्याच वयाच्या कोंबडीच्या पिल्लापेक्षा खूप जास्त खाते, त्यामुळे औषधाची मात्राही जास्त जाते, आणि यातली काही औषधे इतर पक्ष्यांना विषारी ठरतात.

दुसरी गोष्ट नायसिनची, म्हणजे ब जीवनसत्त्वांपैकी एकाची. हंसाच्या पिल्लाला पहिल्या चार आठवड्यांत किलोभर खाद्यामागे सुमारे 65 मिलिग्रॅम नायसिन लागते, तर ब्रॉयलर पिल्लाला 35 मिलिग्रॅमच्या आसपास पुरते. ही तूट राहिली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गुडघ्यासारखा दिसणारा पायाचा मधला सांधा सुजतो, पाय धनुष्यासारखे वाकतात आणि पिल्लू चार पावले टाकून बसू लागते. ब्रुअर्स यीस्टची, म्हणजे बिअर बनवताना लागणाऱ्या यीस्टची, पूड हा यावरचा सोपा उपाय आहे. किलोभर खाद्यात सुमारे 50 ग्रॅम पूड, खाद्यावर पाण्याचा हलका हात मारून, नीट मिसळावी. पाय वाकायला लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून ती द्यावी. सांधे सुजलेच असतील, तर नायसिनच्या गोळीची मात्रा पशुवैद्यांना विचारून घ्यावी आणि उशीर करू नये, कारण हाडे वाकडी घट्ट झाली की ती सरळ होत नाहीत.

मक्याचा भरडा, तांदळाची कणी आणि शिळा भात एवढ्यावर पिल्ले वाढवण्याची पद्धत खेड्यांत सर्रास दिसते. पोट भरते, पण पाय आणि पंख बिघडतात. भाकरी-पोळीचे तुकडे तर खाद्य म्हणून देऊच नयेत. पावसाळ्यात साठवलेला मका आणि शेंगदाण्याची पेंड यांच्याबद्दल विशेष सांगावेसे वाटते. त्यांच्यावर वाढणाऱ्या बुरशीचे विष म्हणजे अफलाटॉक्सिन. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखांहून अधिक टर्की पक्षी मेले आणि त्याचा माग काढताना बुरसलेल्या शेंगदाणा पेंडीतून या विषाचा शोध लागला. बदके आणि हंस यांच्या पिल्लांचे यकृत या विषापुढे फार लवकर हार मानते. खाद्याचा गोळा झाला असेल, वास कुबट येत असेल किंवा पूड हिरवट दिसत असेल, तर ते पोते कोंबड्यांनाही न देता टाकून द्यावे. दोन आठवड्यांत संपेल एवढेच खाद्य आणावे आणि ते झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून उंच ठेवावे.

हिरवा चारा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दाखवावा. हरळीचे कोवळे शेंडे, लसूणघास, कोथिंबीर किंवा कोबीची पाने कात्रीने अर्ध्या सेंटिमीटरची कातरून पाण्याच्या पसरट भांड्यात तरंगत सोडावीत. पिल्ले पाण्यातून ती चाळून खातात आणि खेळही होतो. लांब, जून गवत गिळले तर गळ्याखालच्या अन्नपिशवीत गुंतून त्याचा गोळा होतो, म्हणून सुरुवातीला कातरणे महत्त्वाचे. चारा सुरू केला की बारीक खडेही हवेत. पक्ष्याला दात नसल्याने पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत खड्यांच्या साहाय्याने गवत दळले जाते. धुतलेली भरड वाळू एका वाटीत ठेवली की पिल्ले हवी तेवढी टिपतात. शिंपल्यांचा चुरा मात्र या वयात नको, कारण अंडी देणाऱ्या मादीला लागणारे कॅल्शियम पिल्लाला अपायकारक असते.

चारा कुठला आणला, हे विचारल्याशिवाय टाकू नये. तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेल्या बांधावरचे गवत, रस्त्याकडेचे धूळ-तेलाने माखलेले गवत, घाणेरी, गाजरगवत, कण्हेर आणि एरंड यांच्यापासून पिल्ले लांब ठेवावीत. अ‍ॅव्होकाडोची पाने व फळही पक्ष्यांना विषारी असते.

सोबत, आणि माणसाचा लळा

एकटे पिल्लू कधीही आणू नये, निदान दोन, शक्य असल्यास तीन-चार आणावीत. ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ कॉनराड लॉरेन्झ यांनी 1935 मध्ये कलहंसाच्या पिल्लांवरील आपली निरीक्षणे मांडली. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत जी हलती आकृती समोर दिसते, तिलाच पिल्लू आई मानते आणि तिच्या मागे चालते. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना 1973 मध्ये दोन सहकारी शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. घरात वाढवणाऱ्याला ही गोष्ट रोज अनुभवायला मिळते. पिल्ले पायांत घोटाळतात, मांडीत झोपतात, आपण उठलो की रांगेने मागे येतात.

यात आनंद आहेच, पण एकट्या पिल्लाला माणसाचाच लळा लागला, तर ते स्वतःला हंसांत मोजत नाही. पुढे ते कळपात मिसळत नाही आणि नर असेल तर वयात आल्यावर माणसांवर, विशेषतः लहान मुलांवर, धावून जातो. दोन-तीन पिल्ले एकत्र असली की ती आपल्यालाही ओळखतात आणि एकमेकांनाही. एखादे पिल्लू दुर्दैवाने एकटे उरलेच, तर त्याच वयाच्या बदकाच्या पिल्लांची सोबत शोधावी. तोवर पेटीत आरसा आणि मऊ कापडाचा गोळा ठेवल्याने त्याचे ओरडणे थोडे कमी होते. पिल्लू उचलताना तळहात पोटाखाली घालून पाय हातावर टेकू द्यावेत. पंख किंवा मान धरून उचलू नये. हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत आणि मुलांनी पिल्लांचे मुके घेऊ नयेत, कारण निरोगी दिसणाऱ्या पक्ष्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात.

खुडूक कोंबडी असेल तर

ज्यांच्याकडे हंसाची फलित अंडी आणि खुडूक देशी कोंबडी असेल, त्यांनी बल्बचा खटाटोप टाळून तिच्याकडूनच काम करून घ्यावे. एका कोंबडीखाली चार, फार तर पाच अंडी मावतात. हंसाचे अंडे इतके जड असते की कोंबडीला ते नीट फिरवता येत नाही, म्हणून एका बाजूला पेन्सिलीची फुली करून दिवसातून तीन वेळा आपण ते उलटवावे आणि शेवटचे तीन दिवस हात लावू नये. कोंबडीची स्वतःची अंडी 21 दिवसांत फुटतात, हंसाची साधारण 28 ते 32 दिवस घेतात. या वाढीव दिवसांत कोंबडी वाळून जाऊ नये म्हणून तिला रोज हाताने उचलून दाणापाणी द्यावे. पिल्ले बाहेर आली की ती त्यांना पंखाखाली घेते, पण तीन आठवड्यांत पिल्ले तिच्याएवढी होतात आणि मग थंडीच्या रात्री तिचे पंख पुरत नाहीत. पिल्ले पहिल्यांदा ओहोळात उतरली तेव्हा आमची कोंबडी काठावरून वर-खाली धावत राहिली होती. ते पाहवत नव्हते. तिला आणि पिल्लांना तिन्हीसांजेला एकाच खुराड्यात घेईपर्यंत आमच्याही जिवात जीव नव्हता.

पाय आणि पंख

पाय फाकलेले पिल्लू पहिल्या दोन-तीन दिवसांत सापडले, तर बहुधा सुधारते. मऊ चिकटपट्टीची किंवा कापडी पट्टीची आठाच्या आकड्यासारखी सैल बेडी करून दोन्ही पाय नैसर्गिक अंतरावर येतील असे बांधावे. पिल्लाला खरबरीत टॉवेलवर ठेवावे आणि पट्टी रोज सोडून तपासावी. माझ्याकडचे ते पिल्लू चौथ्या दिवशी उभे राहिले.

पंखाची तक्रार उशिरा, चौथ्या आठवड्याच्या पुढे उद्भवते. त्या वयात पंखाच्या टोकाला रक्ताने भरलेली पिसांची जाड नळकांडी फुटतात आणि ती वजनदार असतात. खाद्य फार पौष्टिक आणि चालणे-चरणे कमी, असे असेल तर पिसे हाडापेक्षा वेगाने वाढतात, मनगटाचा सांधा त्या वजनाने बाहेर वळतो आणि पंखाचे टोक विमानाच्या पंखासारखे बाजूला काढलेले दिसते. ते दिसताच खाद्यातील प्रथिने कमी करावीत, चरणे वाढवावे आणि पंख नैसर्गिक घडीत मिटून तीन ते पाच दिवस मऊ पट्टीने बांधावा, छाती आवळली जाणार नाही याची काळजी घेऊन. दुर्लक्ष केले तर पंख कायमचा तसाच राहतो. त्या दिवसांत पिल्लांना दाटीने कोंबू नये, कारण कोवळे नळकांडे मोडले तर बरेच रक्त जाते.

बाहेर काढणे आणि राखण

हवा कोरडी आणि उबदार असेल तर आठवडाभराच्या पिल्लांना आखूड गवतावर अर्धा तास न्यावे आणि रोज वेळ वाढवावी. सावली आणि पाणी तिथे असलेच पाहिजे. पावसाची सर आली की लगेच आत घ्यावे, कारण लव भिजली की उन्हाळ्यातही ती काकडतात. तिसऱ्या आठवड्यापासून ती दिवसाचा बहुतेक वेळ चरण्यात घालवतात आणि खाद्य सकाळ-संध्याकाळ दिले तरी पुरते.

या वयात घार आणि कावळा वरून, मांजर आणि मुंगूस बाजूने, तर घूस खालून येते. दिवसा डालग्याखाली किंवा जाळीखाली ठेवावे आणि रात्रीच्या खोपटाला अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी लावून ती जमिनीत फूटभर पुरावी. कोंबड्यांची मोठ्या भोकांची जाळी घूस आणि साप अडवत नाही. लाल मुंग्यांकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, पण रात्रीत त्या नवजात पिल्लाचे डोळे आणि पायाचे पडदे फोडून काढतात. मुंग्या मारायची पूड किंवा खडू पेटीजवळ वापरू नये. जुन्या काळी दुधाच्या कपाटाच्या पायांखाली जशा पाण्याच्या वाट्या ठेवत, तशाच पेटी स्टुलांवर ठेवून त्यांच्या पायांखाली ठेवाव्यात.

एखादे पिल्लू कोपऱ्यात एकटे, पिसारून, डोळे मिटून बसले, हिरवट-पांढरी पातळ विष्ठा करू लागले किंवा मान मागे टाकू लागले, तर ते त्याच तासाला वेगळ्या उबदार खोक्यात ठेवावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. एका दिवसात बरीच पिल्ले अचानक दगावली, तर ती उघड्यावर न फेकता पशुसंवर्धन विभागाला कळवणे बंधनकारक समजावे. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला होता, आणि पाणपक्षी हा विषाणू आजारी न दिसताही वाहू शकतात. म्हणूनच रानबदके उतरतात त्या तलावावर पाळीव पिल्ले नेऊ नयेत.

सात-आठ आठवड्यांत अंगभर पिसे येतात, शीळ जाऊन आवाज फुटतो आणि पिल्ले मोठ्या हंसांत सोडण्याजोगी होतात. थेट सोडू नयेत. मधे जाळी ठेवून आठवडाभर शेजारी-शेजारी राहू द्यावीत, मग एका सकाळी चरायला एकत्र काढावीत, म्हणजे पळायला जागा असते आणि दिवसभर आपली नजरही राहते. खाद्य-पाण्याची भांडी तेव्हा दोन ठिकाणी मांडावीत, कारण मोठा नर एकाच भांड्यावर पहारा करतो. संध्याकाळी मोठी मंडळी खोपटात शिरताना पिल्ले त्यांच्या मागोमाग आत गेली, तर त्या रात्रीपासून वेगळी पेटी उचलून ठेवता येते. दाराशी थबकली, तर आणखी दोन-तीन दिवस जाळी राहू द्यावी.